उरलेला स्क्रू

पुंता अरेनासला वारा दार उघडू देत नाही,
म्हणून मी घरात. आणि घरात माझ्या
सतरा वस्तू पोट उघडं टाकून पडलेल्या.
टोस्टर. लेकीचा फुटका टॅब्लेट. शिलाई मशीन,
तिला मार्चमध्ये मोटर बसवणार होते.
कुठल्या मार्चमध्ये, ते विचारू नका.

वारा मोजायचं यंत्र करत होते,
पिंगपाँगचे चेंडू कापून तीन वाट्या.
दोन बसल्या. तिसरी चिकटवताना
गोंदाच्या नळीवरचं बारीक अक्षर वाचलं,
आणि पहाटे तीनपर्यंत
गोंदाबद्दल माणसाला जे जे कळू शकतं ते सगळं वाचलं.
वारा अजून मोजायचाय.
तो काही थांबलेला नाही.

शाळेत सिस्टर बेर्नार्दा म्हणायच्या,
नेवेन्का, एक ना धड, भाराभर चिंध्या.
त्यांच्या भाषेत म्हणायच्या. चिंध्या मात्र ह्याच.
चिंध्यांची गोधडी होते म्हणे.
माझी झाली नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी
कागदावर लिहून दिलं: एडीएचडी.
बसमध्ये मी रडले वगैरे नाही.
तिकिटाच्या यंत्राचं झाकण सैल होतं,
ते बघत बसले,
आणि माझा थांबा गेला.

दिवसा मी फेरीच्या खिडकीवर तिकिटं देते.
पोर्वेनीरला जाणाऱ्या एका अख्ख्या लग्नाला
मी चुकीच्या गुरुवारची तिकिटं दिली होती.
माझं डोकं म्हणजे तोच धक्का:
लाकडाचे ट्रक, मेंढ्या, सायकलवाले जर्मन,
सगळे एकदम रॅम्पवर.

मग शेजारचे दोन एलेओदोरो बार्रीया
कोटाच्या आत धरून रेडिओ घेऊन आले.
तीस वर्षं मेंढ्यांमागे, माळावर एकटे;
संध्याकाळी ह्यातून निरोप यायचे.
आई बरी आहे. कळप खाली आणा.
मुलगी झाली, तीन किलो.
"आवाज नाही आला तरी चालेल," म्हणाले,
"नुसती खरखर आली तरी."

रात्री नऊला मागचं झाकण काढलं.
आत धूळ, लोकरीचा एक तंतू,
आणि तांब्याची एक तार तुटलेली,
नखाएवढ्या जागेत.
कथील वितळलं, त्याचा धूर नाकात गेला
आणि रॅम्पवर एकच गाडी उरली.
दिवे लावलेली. शांत.
भात करपला ते मला कळलं नाही.
उजाडलं तेही नाही.

मिलेवा जिन्यात उभी होती, दप्तर पाठीला.
सहलीच्या कागदावर सही कालपर्यंत हवी होती.
सोल्डरिंगच्या पेनाला तिनेच चिकटवलेली
पिवळी चिठ्ठी: "बंद केलंस?"
"तुला सगळ्यांचे रेडिओ ऐकू येतात," ती म्हणाली,
"घरातला सोडून."
दार तिच्यामागे वाऱ्याने आपटलं.
वाऱ्यानेच असेल.

दोन एलेओदोरो आले. एकच स्टेशन लागलं:
सामुद्रधुनीचं हवामान, लाटा अडीच मीटर.
ते टोपी काढून ऐकत बसले,
जणू कुणी नाव घेईल त्यांचं.
मग म्हणाले, आवाज जरा कमी कर,
आणि रेडिओ परत कोटात घालून गेले.

टेबलावर एक स्क्रू उरला.
रेडिओ चालतोय, आणि स्क्रू इथे.
ज्याचा स्क्रू ढिला, त्याला लोक हसतात;
ज्याच्याकडे एक जास्तच आहे, त्याला काय म्हणतात?

कागदावर सही केली. स्क्रूसकट खिशात टाकला.
निघाले. चौकात पालिकेने दोर बांधलेत,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
दोर धरून चालते आहे, कागद छातीशी,
शाळेचा लाल पत्रा दिसतोय.

दोराची ही गाठ कुणीतरी चुकीची मारली आहे.

नाही. आज नाही.
शाळा समोर आहे.

(चुकीचीच आहे पण.)