डॅटसन, भाग तिसरा

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
ओउलूच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीजवळची खुर्ची माझी.
तुइरे सुया टोचते, चिकटपट्टी लावते,
"चार तास, हिल्क्का," म्हणते,
जसं काही मला ठाऊकच नाही,
आणि मी मोकळ्या हातानं कानांत बोंडं घालून
वेइक्कोचं कोठार उघडते.

कोठार कुठेतरी कुह्मोच्या पलीकडे,
फळ्यांच्या फटींतून बर्फाचा उजेड आत घेणारं.
आत डॅटसन. एकोणीसशे चौऱ्याहत्तरची.
बावीस वर्षं कुणी हात लावलेला नाही.
रंग पूर्वी पिवळा असावा; आता
मोहरीच्या बाटलीच्या तळाशी उरतो, तसा.
मागच्या सीटवर गवत, कोंबडीची तीन पिसं,
आणि कुणाचा तरी लोकरी हातमोजा,
एकच, डावा.

वेइक्को बोलतो कमी. म्हणून तर आवडतो.
आधी बादली उपडी घालतो, तिच्यावर बसतो
आणि नुसता बघत राहतो गाडीकडे,
मोजून तीन मिनिटं.
शेजारच्या खुर्चीतला ओस्मो मान लांब करून म्हणतो,
"पुढे सरकव की! सुरू झाली का, तेवढं सांग."
मी सरकवत नाही.
माझ्याकडे असं तीन मिनिटं कुणी
काही न लिहिता, घड्याळ न बघता पाहिल्याचं
मला आठवत नाही.

मग हळूहळू.
एअर फिल्टरचं झाकण निघतं: आत उंदराचं घर,
वर्तमानपत्राच्या कातरणांचं, अगदी टापटीप.
तो ते अलगद फळीवर ठेवतो, फेकत नाही.
टाकीतून निघतं त्याला पेट्रोल कसं म्हणावं,
काकवीसारखं काळं, दाट,
वास पार इथवर येतो, माझी खात्री आहे.
नळी धुतो, फुंकतो, उजेडाकडे धरून आरपार बघतो,
परत धुतो.
माझ्या पाठीमागे यंत्र आपलं फिरतंय.
त्याबद्दल मी काही बोलणार नाही.
तुम्हीही बोलू नका.

मागच्या चाकाचा एक बोल्ट
मोडेन पण वाकणार नाही, या जातीचा.
तेल, वाट बघणं, ज्योत, हातोडी, पुन्हा तेल.
वेइक्को शिवी देत नाही.
"बस मग रात्रभर," म्हणाला गेल्या शुक्रवारी
आणि दिवा घालवला.
सोमवारी, बुधवारी मला दुसरं काही सुचलं नाही.
आज तो सुटला. कच्च, एवढंच.
मी असं काही ओरडले
की तुइरे धावत आली रक्तदाब बघायला.

एकतीस वर्षं मी शाळेत रांधलं,
दर गुरुवारी चारशे पोरांचं वाटाण्याचं सूप.
गाडी मला येत नाही. आर्वो चालवायचा.
आमचीही डॅटसन होती, हिरवी.
ती आम्ही विकली नाही, कुणाला दिली नाही,
एका हिवाळ्यात नुसती सुरू करायची राहून गेली.
मग पुढच्याही.
मग तिच्यात बटाट्याची पोती ठेवायला लागलो,
मग आर्वोच राहिला नाही,
मग एका माणसानं ओढून नेली, पावती न देता.
दोष कुणाला द्यायचा?

तर आज.
नवे प्लग, ट्रॅक्टरची बॅटरी, वेइक्कोची चावी.
रर्र, रर्र, रर्र.
काही नाही.
पुन्हा. रर्र, रर्र, आणि एक धाप,
निळा धूर एवढासा, छतापर्यंतही न पोचलेला.
मग गप्प.
वेइक्को म्हणाला, "हं."
आणि भाग संपला.

तुइरेनं सुया काढल्या, कापूस दाबून धरायला दिला.
"झाली का सुरू?" ओस्मोनं विचारलं.
"नाही. खोकली एकदा."
"खोकली?"
तो उठून बसायला बघत होता, नळ्यांनी बसू दिलं नाही.
"मग ठिणगी आहे. पेट्रोल पोचत नाहीये,
कार्ब्युरेटरला डाव्या अंगाला एक स्क्रू असतो, बारका..."

मी कोट चढवला, टॅक्सी खाली येऊन थांबली होती.
दारातून मागे पाहिलं तर ओस्मो डोळे मिटून पडलेला,
आणि मोकळ्या हाताच्या दोन बोटांनी
हवेतच काहीतरी बारीक,
अर्धा फेरा,
सैल करत होता.