तिसरा रकाना

दार वाजवून उपयोग नसतो.
मी बटण दाबते, आत दिवा लुकलुकतो
आणि बोग्ना येते, हात बीटाने लाल.

वूच शहरातल्या या तिसऱ्या मजल्यावर
जुळी आहेत, एकवीस महिन्यांची.
याग्नाला ऐकू येतं, तिमेकला नाही.
माझ्या पिशवीत सहाशे सत्तर शब्दांची यादी,
प्रत्येकापुढे दोन रकाने:
समजतो. म्हणतो.

बोग्ना पेन्सिल घेते नि अडते.
याग्ना ‘बूट’ म्हणते का?
हात पसरून सांगते: मला काय माहीत?
तिचा आवाज मी कधी ऐकलेला नाही.
खालच्या होनोराताबाईंना विचार,
जिन्यात खूप बडबडते म्हणे.

मी जिना उतरते.
होनोराताबाई चष्मा पुसत आठवतात:
मांजर म्हणते. नको म्हणते.
ट्राम म्हणते, पण ‘र’ गिळून.
आणि एक शिवी, ती लिहू नका.

लिहिते. शब्द तो शब्द.

परत वर. पट्टीने तिसरा रकाना आखते,
कार्यालयाला न विचारता.
हातांनी.
आता बोग्नाची पेन्सिल थांबत नाही.
दूध, दिवा, पाव, संपलं, अजून, अजून.
तिमेकचे एकशे बारा.
मागच्या कागदावर त्याच्यापुढे शून्य होतं,
गोल, नीटनेटकं, सहीशिक्क्यासह.
सही माझीच.

याग्नाचा हिशेब मात्र जुळत नाही.
दूध ती जिन्यात तोंडाने मागते, घरात मुठीने.
एक धरू की दोन?
नियमांत म्हटलंय, एक.
ती दोन्ही वेळा पिते.

मी कोट चढवते तेव्हा
तिमेक बहिणीकडे बघून हवेत काहीतरी काढतो:
बोट जरासं खाली, मग झर्रकन वर.
याग्ना तेच करते, माझ्याकडे बघत.
हे काय? मी तोडक्यामोडक्या हातांनी विचारते.
बोग्ना खांदे उडवते, तिनं शिकवलेलं नाही.
मग एकदम लाल हातानं तोंड झाकून हसते.

बरोबरची खूण.
म्हणजे मी.
दर महिन्याला येऊन
कागदावर तेवढंच काढत बसणारी बाई.

‘माणसं’ या मथळ्याखाली
आई आहे, आजी आहे, डॉक्टरसुद्धा आहे.
समासात अंगठ्याएवढी जागा आहे.
पेन टेकवते, उचलते.

ट्राम चुकते.
खालून वर बघते तर
खिडकीच्या वाफेवर कुणीतरी माझं नाव काढलंय.
बाहेरून उलटं दिसतं.