दहापैकी किती

डॉक्टरांना कोल्हापूरच्या परिषदेत तक्ता दाखवायचाय,
म्हणून दर सहा तासांनी मी विचारते,
दहापैकी किती दुखतंय?
डावा रकाना दुर्बिणीचा, उजवा उघड्या पोटाचा.
खिडकीबाहेर मालवणचं बंदर,
बर्फ फोडल्याचा आवाज, डिझेलचा वास.

खाट तीन. सिल्विया फर्नांडिस, वय चोवीस,
तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेते.
पोटावर तीन भोकं, शर्टाच्या गुंड्यांएवढी.
"सहा," ती म्हणाली, "पण पोटात नाही, खांद्यात."
खांद्याला तर कुणी हातही लावला नव्हता.
मी सांगितलं, पोट फुगवायला भरलेला गॅस
थोडा आत राहतो,
छातीखालच्या पडद्याला डिवचतो, खांद्यातून बोलतो.
"म्हणजे मी घाईत वर आले."
दुसऱ्या दिवशी तीन.
तिसऱ्या दिवशी केस विंचरत, "एक. अर्धा लिहा."

खाट चार. प्रभावती सारंग.
तीन दिवस ओवा चघळत राहिली, वात धरलाय म्हणत;
बांगडा उन्हात घातलेला, उठून कोण जाणार.
आत फुटलं. मग वीतभर उघडावं लागलं.
"चार," ती म्हणाली.
दुसऱ्या दिवशी कूस बदलताना
खाटेची दांडी धरली, पेरं पांढरी,
ओठ आत ओढून, "चारच गो."

मला वाटलं, खाटेचा नंबर सांगतेय.
कागद खाली ठेवून पुन्हा विचारलं.
"पाच सांगलंय तर सुई देतलास.
सुयेचे पैसे कोण देतलो?"

सुई बिलात आधीच धरलीये, मी म्हटलं.
ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"मगे आदी सांगूचा नाय?"
आणि दंड पुढे केला.

तोवर तक्ता भरला होता.
पहिला दिवस: दुर्बिणीला सहा, उघड्या पोटाला चार.
डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, गंमतच आहे.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं,
खोकताना उशी आवळते, अंगठे उशीत बुडतात.
समासाची बेरीज होत नाही.

शनिवारी सिल्विया निघाली,
टी-शर्ट जरा वर करून तिला भोकं दाखवली.
प्रभावतीनं मान पुढे काढून पाहिली,
जाळ्याचा आस बघतात तशी.
"ह्यातसून पेडवो पण भायर येवचो नाय!"
स्वतःच्याच बोलण्यावर हसली
आणि मध्येच थांबली, दोन्ही हात उशीवर.

कागद माझ्या हातात होताच.
"आठ," ती म्हणाली.
"लिव. हसल्याचे आठ."