मोकळं

उदगीर सोडलं की नळेगाव रोडला
बोलणं हळूहळू बंद पडतं.
सात सायकली, एकामागं एक,
आणि अंधार अजून तुरीच्या शेंड्यांवर.

मन्मथ पुढं असतो.
दिवसभर आडतीत ओरडून घसा बसलेला,
पहाटे तो हातानंच बोलतो.
बोट डांबराकडं: खड्डा.
पंजा पसरून थरथरवला: खडी सांडलीय, सांभाळून.
डावा हात कंबरेमागून उजवीकडं: कडेला टेम्पो उभाय, सरका.
त्याच्या मागं वैजयंता तेच करते, तिच्या मागं इर्शाद.
टँकरवरनं हंडा उतरवावा
या हातातून त्या हातात, न सांडता,
तसा एकच खड्डा
माझ्यापर्यंत येतो.

मी शेवटचा.
खड्डे पुढून मागं येतात, गाड्या मागून पुढं जातात,
गाड्यांचं माझ्याकडं.
"गाडी मागं!" एवढंच.
कारखाना सुरू असला की आणखी एक शब्द: "जोड!"
म्हणजे ट्रॅक्टरला ट्रॉल्या दोन आहेत,
पहिली गेली म्हणून लगेच आत घुसू नका.
वारा समोरून असला तर माझा आवाज
इर्शादपर्यंत पण जात नाही.
मग मधल्यांनी तो उचलून पुढं द्यायचा.
वैजयंता अंगणवाडीत पोरांना हाका मारते
त्याच आवाजात देते.

गेल्या माघात मी पुढं होतो.

शिरूरच्या फाट्यावर मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं,
आणि हात वर करून म्हणालो,
"मोकळंय, चला!"
तो शब्द मागं गेला. मोकळंय, मोकळंय, मोकळंय,
कुणी मान वळवली नाही, कशाला वळवतील?
पाचवा रेवण. अकरावीतलं पोरगं,
तो फाट्यावर पोचेपर्यंत
माझं मोकळं संपलेलं होतं.

जीपवाल्यानं ब्रेक मारला म्हणून
हासळीचं हाड आणि पुढच्या चाकाचा आठ,
एवढ्यावर भागलं.
रस्त्यावर त्याची बाटली कितीतरी वेळ गरगरत होती.

दवाखान्यात हात झोळीत घालून तो मलाच म्हणाला,
"तुम्हाला होतंच की ओ मोकळं."
त्याची आई प्रयागबाई काहीच म्हणाली नाही.
तिनं मला चहा दिला.
तो मी प्यालो.

तहसिलात माझ्या टेबलावर शिक्का आहे: हरकत नाही.
बावीस वर्षं मारतोय.
आता मारायच्या आधी
कागद उलटा करून बघतो, मागं काही आहे का.
लोक म्हणतात, साहेब, लई वेळ लावता.

असा काही नियम कुणी केला नाही,
पण तो शब्द आमच्यातून गेला.
फाट्यावर मन्मथ म्हणतो, "थांबतोय."
म्हणतो, "डावीकडून गाडी."
गाडी नसली तर काहीच म्हणत नाही.
सात पाय जमिनीला लागतात,
सात माना आपापल्या वळतात.
उशीर होतो. होऊ दे.

आज रेवण पुन्हा आला, चार महिन्यांनी,
बरोबर माझ्या पुढं.
शर्टाखाली खांदा जरासा वर आलेला दिसतो.
पाटीजवळ मागून डेकचा धडधडाट आला,
एकच दिवा, तोही डोळा मिटलेला.
"गाडी मागं! जोड!"
त्यानं डावा हात वर केला: ऐकलं.
पहिली ट्रॉली गेली. पाचटाचा वास.
दुसरी गेली.
माझ्या जिभेवर काहीतरी आलं, मी गिळलं.
त्यानं स्वतः वळून बघितलं,
माझ्याकडं नाही, माझ्या मागच्या रस्त्याकडं.
मग पुढं दोन पायडल.

ट्रॉलीतून एक ऊस पडला होता, आडवा.
मन्मथचं बोट खाली गेलं, वैजयंताचं, इर्शादचं,
मधल्या दोघांचं, रेवणचं.
माझ्या मागं कुणी नव्हतं.
तरी मी बोट दाखवलं.