नमुना एक

न्यामफांडे पहाटे वाळूत जाळं उलटं करते
आणि माझी नोकरी सुरू होते.
त्या चंदेरी तडफडीतून मी वेचतो
निळा, काळ्या पट्ट्यांचा,
निळा, पण पट्टे पुसट,
निळा, शेपटीला हळदीची कड.
डॉक्टर लोंग्वे म्हणतात, तीन जाती.
न्यामफांडे म्हणते, तिन्ही म्बुना,
खडकाला धरून राहणारे. काटे फार, मांस कमी.

तिच्याकडे चार टोपल्या.
वाळवायचे, भाजायचे, पाहुण्यांचे,
आणि चौथीत पोटुशीने खायचे नाहीत ते;
काम्पांगो तिथे, कारण त्याला मिशा आहेत आणि खवले नाहीत.
त्यानं काय होतं, हे तिच्या आईलाही कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे रकाने सात.
सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ, प्रजाती, जाती.
जिना उतरत जायचं
तळाच्या पायरीवर एकच मासा उरेपर्यंत.
एकदा तिला वाचून दाखवले.
कुळापाशी ती हसली.
माझं तर नावातच आहे, म्हणाली,
न्या-मफांडे, मफांड्यांची लेक.
लग्न झालं, सात बाळंतपणं झाली, नवरा तळ्यानं नेला,
तरी ते पुसलं नाही.
तुझ्या माशाला चिठ्ठी कशाला लागते?

तिची नात मुइझा नावेच्या सावलीत बसून
परीक्षेचं पाठ करत होती:
सजीव हलतो, खातो, श्वास घेतो, वाढतो,
टोचलं तर त्याला कळतं,
नको ते बाहेर टाकतो,
आपल्यासारखं दुसरं घडवतो.
न्यामफांडेनं बोटं दुमडली, पाण्याकडे पाहिलं.
यातली सहा तळ्यालाही लागू आहेत, म्हणाली.
सातवं कुठलं सोडलं, ते मी विचारलं नाही.

बरणी एकशे बारा.
मादी, राखाडी, गाल फुगलेले.
मला वाटलं, आजारी असेल.
फॉर्मॅलिनमध्ये सोडली तशी तिनं तोंड उघडलं
आणि पिलं बाहेर आली,
नुसते डोळे आणि पिवळी पोटं.
एकवीस.
क्षणभर काचेला धडकली,
मग वळली
आणि पुन्हा त्याच तोंडाकडे निघाली.
तोंड उघडंच होतं.

रजिस्टरात एक रकाना आहे: नमुने किती?
एक लिही, डॉक्टर म्हणाल्या, पिलं आईतच धरायची.
त्या चुकत नव्हत्या. नियम तसाच आहे.
मी पेन उघडलं, शाई सुकेपर्यंत धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी न्यामफांडेला सांगितलं.
ती जाळ्याची गाठ दातानं ओढत होती.
फुगल्या गालांची आम्ही ठेवत नाही, म्हणाली,
हाताला लागली की तशीच पाण्यात.
मग तुम्ही त्यांना म्हणता काय?
काही नाही.
नाव ठेवायला धरून ठेवावं लागतं.
हे आधी का नाही सांगितलं?
तू निळे वेचत होतास.

संध्याकाळी तळ्यावर धूर उठला.
धूर नव्हे, न्खुंगू:
पाण्यातून निघालेली चिलटं, ढगाएवढी,
वाऱ्यानं किनाऱ्याकडे लोटलेली.
पोरं ओल्या टोपल्या डोक्याभोवती गरगर फिरवू लागली,
बायांनी चिकटलेला काळा गोळा खरवडला,
थापला, भाजला.
न्यामफांडेनं तळहाताएवढी वडी मोडली नाही,
अख्खीच माझ्या हातावर ठेवली.
किती असतील यात, मी म्हणालो.

घे, म्हणाली. एक.