पर्यंत

जाहिरातीत आठ होता, मुठीएवढा,
आणि त्याच्या बुडाशी मुंगीएवढा एक शब्द:
पर्यंत.
एकवीस वर्षं मी लग्नपत्रिकांची प्रुफं तपासते,
कुणाच्या आजोळची वेलांटीसुद्धा सोडत नाही.
तोच नेमका सुटला.

मंगळवार पेठेत दहा बाय बाराचं माझं दुकान,
एक संगणक, एक पंखा,
आणि खिडकीच्या चौकटीतून आत आलेली
तांब्याची जोडतार.

तक्रार केली. आठ घेतलेत, दोन येतात.
फोनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, मोडेम बंद करून चालू करा.
केला.
पुन्हा केला.
मग तिनं बाराचा प्लॅन सुचवला.

तेव्हा इलाही नदाफ आले, लाइनमन,
कमरेला चाचणीचा फोन, सायकलला शिडी.
तार कानाला लावून ऐकली त्यांनी,
वैद्यानं नाडी बघावी तशी.
"एक्स्चेंज तिकडं ताराबाई पार्कात.
कावळ्याला तीन किलोमीटर, तारेला चार.
चालून चालून दमतंय ते, ताई.
बाराचं घ्या न्हाईतर चोवीसचं,
हितं पोचंपर्यंत दोनच उरणार."

मी विचारलं, पण दोन म्हणजे तरी दोन का?
चाळीसची फाइल उतरायला वीस सेकंद हवेत ना?
नदाफ हसले.
"गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिलाय न्हवं?
म्हशीखालचा पेला काठोकाठ दिसतो,
फेस बसला की कळतं दूध किती.
कंपनी मोजती बिट, तुमची फाइल बाइटात.
आठानं भागा, मग बोला."
भागलं.
फेस बसला.

आणि चढतीचा वेग तर कुठल्याच कागदावर नव्हता.
माझं सगळं काम चढतीचं.
छापखान्याला फाइल पाठवायची
म्हणजे तेरा मिनिटं.
तेरा मिनिटांत मी चहा टाकायची, गाळायची, प्यायची,
कप विसळून यायची,
तेव्हा पट्टी नव्वदवर असायची.
पाऊस असला तर सत्तरवर, आणि तिथंच.

"काचेची तार घ्या," तेच म्हणाले शेवटी.
"गल्लीच्या तोंडापर्यंत आलीया त्या नव्या कंपनीची.
तिला अंतराचं काय न्हाई."
आणि तुमचं?
"ह्या लाइनीत चौदा सांधे हायत,
त्यातले नऊ माझ्या हातचे," एवढंच बोलले,
आणि शिडी खांद्यावर घेतली.

फॉर्म भरला. आधी नवी जोडली, मग जुनी तोडली,
हेही त्यांनीच सांगितलेलं:
"मधी चार दिवस बिनइंटरनेटचं बसू नका,
सीझन हाय लग्नाचा."
मोडेमची पावती घ्या, सही-शिक्क्याची.
नव्यांना विचारा, सहा महिन्यांनी भाडं किती.
विचारलं. तो पोरगा जरा चाचरला.
त्याच्याही कागदावर शंभर होते,
आणि मी आता भिंग घेऊनच बसले होते.
पर्यंत. होताच.
पण चाचणी लावली तर पंच्याण्णव दाखवले.
पाच सोडले मी. प्रुफातही एवढं चालतं.

जुनी तार काढायला नदाफच आले.
बेचाळीसची फाइल होती, इंगवल्यांची पत्रिका,
सवयीनं बटण दाबलं आणि उठून शेगडी पेटवायला गेले.
लायटरची ठिणगी पडायच्या आत
मागं संगणक टिंग वाजला.
गेली.
नदाफ दारात, हातात चार हात तांबं गुंडाळलेलं.
आता चहा कशासाठी टाकायचा, असा एक क्षण गेला.
मग टाकला, दोघांचा.
त्याला तेवढाच वेळ लागला.

पाचशे रुपये डिपॉझिट परत येणार होतं,
पावतीवर लिहिलंय: साठ दिवसांपर्यंत.
आज एकाहत्तरावा.
मी त्या शब्दाखाली लाल पेनानं रेघ मारून ठेवलीय.