आठशेवर काटा

(थंडर बे, कॅनडा. रेयो लाहतेलाचं पेंटबॉलचं दुकान, जानेवारी)

दार ओढून घे, ऊब बाहेर जाते.
बूट तिथेच झटक.
हं, दाखव.

आधी लेबलवरची तारीख वाच. मोठ्यानं वाच, चष्मा सापडत नाहीये.
पाच वर्षांत पाण्याच्या दाबाची चाचणी झाली नसेल
तर मी टाकी भरत नाही.
सख्ख्या भाच्याला परत पाठवलाय या दारातून.
दोन वर्षं आहेत अजून? मग ठीक.

आत साडेचार हजाराचा दाब मावतो.
माणसात एवढा मावला असता
तर तो घरून निघून दुकानापर्यंत पोचला नसता.

आणि मार्कर? अरे, हे तर ओन्नीचं!
विकलं म्हणजे शेवटी त्यानं.
जुनं आहे. पण इमानी.
याला आठशेच लागतात.
साडेचारशेवाला रेग्युलेटर लावलास तर बोल्ट मागे जाणार नाही,
नुसतं खोकत बसेल,
सकाळी मी खोकतो तसं.

कार्बन डायऑक्साइड सोडलास ते बरं केलंस.
उणे सत्तावीसमध्ये तो अर्ध्या खेळातच गारठतो,
द्रव नळीत शिरतो, आणि गोळी
तळ्याच्या दिशेनं मारलेली पार्किंगमध्ये पडते.

लाल? माहीत होतं मला.
सगळे आधी लालच बघतात.
एकशे वीस डॉलर.
शेजारचा काळा, ओरखडा पडलेला, सत्तर.

बोलून काही कळत नाही.
माझ्याकडे दोन रिकाम्या टाक्या आहेत, त्यांवर बसवू, मग भरू.
आधी रिकामी, मग पाना, हे लक्षात ठेव.
भरलेल्या टाकीचा रेग्युलेटर जो सोडवायला जातो
त्याच्या आईला निरोप द्यायला मला जावं लागेल.

आता दोन्ही गेज इथे ठेवले.
दोन्ही काटे आठशेवर.
हात लावायचा नाही. दहा मिनिटं.
बस त्या खोक्यावर.

...

बघ, लाल.
गोळी कुणी मारली नाही, कुणी शिंकलंसुद्धा नाही,
आणि काटा निघालाय.
आठशे वीस.
आत एक सीट असते, मुगाच्या दाण्याएवढी,
तिच्यावर केसाएवढी चीर.
बंद आहे असं वाटतं. बंद नसतं.

आठशे साठ.

मी एकवीस वर्षं धान्याच्या कोठारावर होतो, बंदरात.
फोरमनला उलटा शब्द नाही.
पाळी बदलली, बरं. सुट्टी कापली, बरं.
मग एका मंगळवारी त्यानं माझा थर्मास
बाकावरून थोडा बाजूला सरकवला.
एवढंच. त्याला बसायचं होतं.
चार दात बसवून घेतले त्यानं पुढे,
आणि मी हे दुकान काढलं.

नऊशे दहा.

म्हणून पहिली गोळी तिखट जाते, मागच्या सगळ्या शहाण्या.
वेगमापकावर तीनशेच्या पुढे दिसली की पंच तुला बाहेर काढेल,
आणि बरोबर करेल.
समोर कुणाची तरी मान असते.

काळा पाहिलास? नाही ना?
त्याच्याकडे कुणी बघत नाही, हेच त्याचं चांगलं.
आठशे.

खोटं नाही सांगणार, लालची सीट बदलता येते.
दोन डॉलरची वस्तू. पण ती येणार सोमवारी,
आणि सामना तुझा शनिवारी.
ठरव तू. बर्फ तू उपसलास, पैसे तुझे.

हॉर्न वाजतोय.
पिकअपमध्ये बसून राहील ती, इंजिन चालू ठेवून,
डिझेल संपलं तरी आत येणार नाही.
अठ्ठावीस वर्षांत आली नाही.

काळा? बरं. साठच दे.
ओ-रिंगना हे ग्रीस लाव, स्वयंपाकघरातलं तेल नको.

आणि आईला सांग
थर्मास माझा होता.
तिच्या वडिलांनी काय सांगितलं असेल ते असो.
थर्मास माझा होता.